सर्टिफिकेट पुढे कशात मोजलं जाणार, ते आधी विचारा
वाचकांचे प्रश्न : मेकॅट्रॉनिक्स विशेष

मेकॅट्रॉनिक्सबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव, सगळीकडून पत्रं आली आणि त्यातली बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की छोटे छोटे कोर्स करत वर चढता येतं का आणि त्या कागदांना बाहेर किंमत किती. सगळी छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडली. शब्द ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजकालच्या मशीनमध्ये गिअर-बेअरिंग, मोटर, हवेवर चालणारे सिलिंडर, सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम देणारा पीएलसी नावाचा छोटा कॉम्प्युटर असं सगळं एका जागी असतं, मशीन थांबलं की यातलं नेमकं काय बिघडलंय ते ज्याला शोधता येतं आणि दुरुस्त करता येतं तो मेकॅट्रॉनिक्स टेक्निशियन.

प्रश्न : नमस्कार सर. मुलगा यंदा दहावी झाला, 64 टक्के मिळाले. आमच्या इथले एक क्लासवाले म्हणतात सहा महिन्यांचा मेकॅट्रॉनिक्स कोर्स करा, नोकरीची शंभर टक्के हमी, फी एकदम भरली तर सूट. मिस्टर म्हणतात डिप्लोमाच करू दे, भाऊजी म्हणतात आयटीआय. घरात रोज यावरून वाद होतायत. काय करावं? (एक आई, भोसरी)

उत्तर : ताई, सूट निघून गेली तरी चालेल पण आत्ता फी भरू नका. आधी त्या क्लासमध्ये जाऊन विचारा की हा कोर्स एनएसक्यूएफच्या कितव्या लेव्हलचा आहे, नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरवर त्याचा कोड काय आणि एकूण तास किती. एनएसक्यूएफ म्हणजे कौशल्याच्या शिक्षणाची देशभराची एकच शिडी, 2013 साली केंद्र सरकारने आणली, कुठला कोर्स कुठल्या पायरीवर बसतो ते त्यावरून कळतं. रजिस्टर ऑनलाइन आहे, कोणालाही बघता येतं, मोबाइलवर मुलगाच शोधून देईल. कोड दिला तर तिथे टाकून बघा, नाव आणि तास जुळतायत का. आणि ‘आमचं स्वतःचं सर्टिफिकेट आहे, सगळ्या कंपन्यांत चालतं’ असं उत्तर आलं तर समजा की मुलगा तिथे जे शिकेल ते त्याच्या हातात राहील, पण उद्या पुढचा कोर्स करायला गेला तर त्यातला एक तासही कोणी धरणार नाही. दहावीनंतरचं पहिलंच पाऊल असं नको.

आता मिस्टर आणि भाऊजी. खरं तर दोघांचं भांडण व्हायचं कारण नाही, कारण दोन्ही रस्ते पुढे एकमेकांना मिळतात. आयटीआयमध्ये ‘टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स’ नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, विज्ञान-गणित घेऊन दहावी झालेल्याला करता येतो. तो पास झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगलाही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयची दोन आणि डिप्लोमाची दोन अशी चार वर्षं, सरळ डिप्लोमा केला तर तीन. एक वर्ष जास्त जातं हे खरंय. पण समजा मध्येच घरात काही अडचण आली, पैशाची म्हणा, आजारपणाची म्हणा, तर आयटीआय झालेल्या मुलाच्या हातात दोन वर्षांनी एक पूर्ण कागद असतो ज्यावर नोकरी लागते आणि सवडीने परत शिकायला येता येतं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला तर सहसा हातात फक्त मार्कशीट उरतात. ही गोष्ट घरात बसून शांतपणे बोला, आपली ऐपत आपल्यालाच माहीत असते.

माझं मत विचाराल तर गणितात बरा असेल, तीन वर्षं सलग शिकवणं जमणार असेल तर डिप्लोमा. पंखा उघडून बसणारा, वायरी जोडत बसणारा मुलगा असेल तर आयटीआय, बिनधास्त. प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या साइटवरून ऑनलाइन होतात, सरकारी आणि खाजगी दोन्हींचे. मेकॅट्रॉनिक्सचा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नाही, त्यामुळे पसंतीक्रम भरताना इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हेही टाकून ठेवा, या सगळ्यांतून या लाइनला येता येतं. आणि हो, फॉर्म भरायच्या आधी मुलाला एकदा विचारा, तुमच्या पत्रात तिघांची मतं आहेत, त्याचं नाही.

प्रश्न : सर मी फिटर आयटीआय केलंय, वय 23, चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, तीन शिफ्ट. लाइनवर मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाले येतात, लॅपटॉप लावतात, आम्ही बाजूला उभे. मला ते शिकायचंय. रविवारचा पीएलसी प्रोग्रॅमिंगचा कोर्स लावू का डायरेक्ट? नोकरी सोडता येणार नाही. (एक कामगार, चाकण)

उत्तर : मित्रा, लावायचाय तो कोर्स, पण आत्ता नाही, दोन पायऱ्या चढून मग. का ते सांगतो.

तुझ्या लाइनवरचं एखादं फिक्स्चर घे, जॉब क्लॅम्प करणारा सिलिंडर पुढे येत नाहीये असं समज. चांगला माणूस लॅपटॉप उघडायच्या आधी काय करतो बघ. पॅनलमध्ये पीएलसीच्या आउटपुटचा छोटा दिवा लागलाय का ते बघतो. लागला असेल तर प्रोग्रॅमने आपलं काम केलंय, दोष बाहेर आहे. मग सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेवर उघडणारा हवेचा व्हॉल्व्ह) कनेक्टरवर मल्टिमीटर, 24 व्होल्ट येतायत का. येत नसतील तर मधली वायर नाहीतर टर्मिनल. येत असतील तर सगळ्यांचे हात बाहेर आहेत याची खात्री करून व्हॉल्व्हचा मॅन्युअल ओव्हरराइड (हाताने व्हॉल्व्ह उघडायचं बटण) दाबायचा, सिलिंडर पुढे आला म्हणजे कॉइल गेली, तरीही हलला नाही तर हवा बघायची, एफआरएलचा (हवा गाळून दाब ठरवणारं युनिट) गेज 6 बारच्या आसपास हवा तो खाली आलाय का, कोणी कॉक बंद केलाय का, फ्लो कंट्रोल जास्त आवळलाय का. आणि आउटपुटचा दिवाच लागला नसेल तर इनपुटकडे जायचं, बहुतेक वेळा आधीच्या सिलिंडरवरचा रीड स्विच (सिलिंडर कुठे आहे ते सांगणारा सेन्सर) आपल्या पट्ट्यात दोन-तीन मिलिमीटर सरकलेला असतो, सिलिंडर मागे गेलाय पण पीएलसीला ते कळलेलंच नाही म्हणून तो पुढचा हुकूम देत नाही. स्क्रू सैल करून स्विच जागेवर आणला, दिवा लागला, लाइन चालू. यात लॅपटॉप कुठेच लागला नाही. आणि आत हात घालायची वेळ आली तर मशीन बंद, हवा सोडलेली आणि मेन स्विचवर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, हे कोणी कितीही घाई केली तरी सोडायचं नाही.

म्हणून तुझा क्रम असा ठेव. आधी इलेक्ट्रिकलचं मूलभूत, म्हणजे मल्टिमीटर, रिले, कॉन्टॅक्टर, स्टार्टरचं सर्किट, ड्रॉइंग वाचणं. मग न्यूमॅटिक्स आणि सेन्सर, त्यात पीएनपी आणि एनपीएन मधला फरक नीट डोक्यात बसला पाहिजे, पीएनपी सेन्सर चालू झाला की प्लस 24 देतो आणि एनपीएन झीरोकडे ओढतो, बदलताना चुकीचा लावला तर सेन्सर चांगला असूनही मशीन आंधळंच राहतं. त्यानंतर पीएलसी, मग व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं), एचएमआय (मशीनवरचा स्क्रीन), सर्वो (नेमक्या जागी थांबणारी मोटर). हे प्रत्येक वेगवेगळं छोटं सर्टिफिकेट म्हणून करता आलं तर उत्तमच, शिफ्ट सांभाळून एकेक होईल. फिटर असल्याचा तुला फायदाच आहे, बेअरिंगचा आवाज, कपलिंगचं अलाइनमेंट, बेल्टचा ताण हे तुला आधीच येतं, नुसतं सॉफ्टवेअर शिकून आलेल्यांना ते यायला फार वेळ लागतो.

क्लास निवडताना एक कर, शिकवणाऱ्यालाच विचार, स्टॉप बटण नेहमी एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं) का घेतात. वायर तुटली तर मशीन आपोआप थांबावं म्हणून, हे त्याने एका दमात सांगितलं पाहिजे. आणि बॅचमध्ये एका किटवर किती जण बसतात ते डोळ्यांनी बघून ये. दहा जण एका पीएलसीभोवती उभे असतील तर तू तिथेही बाजूलाच उभा राहशील, आत्ता राहतोयस तसाच.

अजून एक, आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप पूर्ण करून एनएसी (नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट) घेतलंयस का ते लिहिलं नाहीस. नसेल तर चौकशी कर, मेंटेनन्समध्ये पर्मनंटसाठी बऱ्याच ठिकाणी ते मागतात. काम करत करत जे शिकलास त्याचं मूल्यमापन करून सर्टिफिकेट मिळायचीही सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात, पण ती परीक्षा आहे, तिच्यात नवीन काही शिकवलं जात नाही, म्हणून तीच करून थांबू नकोस.

प्रश्न : मी मेकॅट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात मेंटेनन्स मुलींचं काम नाही, शेवटी ऑफिसमध्येच बसावं लागेल, मग कॉम्प्युटरच घे. खरंय का? (एक विद्यार्थिनी, राजगुरुनगर)

उत्तर : नाही. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या प्लांटमध्ये हॅरिअर आणि सफारीची असेंब्ली लाइन पूर्ण महिला चालवतात, पेपरात फोटोसकट आलेलं आहे, घरच्यांना दाखव. या कामात जोर कमी आणि डोकं जास्त लागतं, जड वस्तू उचलायला होइस्ट असतो, पुरुषांनीही तोच वापरायचा असतो. घरच्यांच्या काळजीत शिफ्ट आणि येण्याजाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नकोस. कंपनी निवडताना बस कुठपर्यंत येते, रात्रपाळी आहे का, मेंटेनन्समध्ये आधीपासून मुली आहेत का, हे इंटरव्ह्यूत सरळ विचार. आणि डिप्लोमा मध्ये सोडू नकोस बाळा, अर्ध्यावर आली आहेस.

प्रश्न : पुण्याजवळच्या एका कॉलेजात प्राध्यापक आहे. कम्युनिटी कॉलेजच्या धर्तीवर मेकॅट्रॉनिक्सचे छोटे, एकमेकांना जोडणारे कोर्स सुरू करायचा विचार आहे. अमेरिकेत हे बरीच वर्षं चालतं असं वाचलं. तिथलं काय घ्यावं, आणि आपल्या नियमांत बसतं का? (एक प्राध्यापक)

उत्तर : सर, तुमचं पत्र आलं तेव्हापासून हे उत्तर सविस्तर लिहायचं मनात होतं, कारण पुण्याच्या आजूबाजूला इतके कारखाने असून हे फार थोड्या ठिकाणी नीट होतंय.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणजे जवळपासच्या लोकांसाठीचं, कमी फीचं दोन वर्षांपर्यंतचं सरकारी कॉलेज. त्यातलं पहिलं इलिनॉय राज्यात जोलिएटला 1901 साली निघालं, आणि तिथे अठरा वर्षांच्या मुलाशेजारी चाळिशीचा कामगारही बसतो. सर्टिफिकेटं एकावर एक रचत नेण्याची व्याख्या त्यांच्या कामगार खात्याने 2010 च्या परिपत्रकात लिहून ठेवली, की जे प्रमाणपत्र एका मालिकेचा भाग आहे, सवडीने साठवत नेता येतं आणि माणसाला वरच्या, जास्त पगाराच्या कामाकडे नेतं तेच अशा प्रकारचं. नंतर 2011 ते 2014 मध्ये याच खात्याने मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांना जवळपास 2 अब्ज डॉलरची अनुदानं दिली, त्यातून कित्येक ठिकाणी मेकॅट्रॉनिक्सच्या लॅब उभ्या राहिल्या.

रचना कशी असते याची दोन उदाहरणं देतो. एमएसएससी नावाच्या संस्थेचं सर्टिफाइड प्रॉडक्शन टेक्निशियन हे प्रमाणपत्र चार तुकड्यांचं आहे : सुरक्षितता, क्वालिटी आणि मोजमाप, उत्पादन प्रक्रिया, मेंटेनन्सची जाण. प्रत्येक तुकड्याची वेगळी परीक्षा आणि वेगळा कागद, चारही झाले की पूर्ण प्रमाणपत्र हातात. दुसरं सीमेन्सचं मेकॅट्रॉनिक सिस्टिम्स सर्टिफिकेशन, त्याच्या तीन लेव्हल आहेत, आणि पहिल्या लेव्हलला इलेक्ट्रिकल कॉम्पोनंट, मेकॅनिकल कॉम्पोनंट आणि ड्राइव्ह, न्यूमॅटिक-हायड्रॉलिक सर्किट, आणि डिजिटल-पीएलसी असे चार विषय. चारही एकाच छोट्या उत्पादन यंत्रणेवर शिकवतात, म्हणजे विषय बदलला तरी मुलासमोरचं मशीन तेच राहतं, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. केंटकीत टोयोटाने 2010 मध्ये सुरू केलेला फेम हा कार्यक्रमही बघा, आठवड्यात दोन दिवस कॉलेज, तीन दिवस कारखान्यात पगारी काम, पाच सेमिस्टरमध्ये असोसिएट डिग्री (तिथली छोटी पदवी).

तिथलं सगळंच गोड नाही. पहिलं सर्टिफिकेट घेतलं, नोकरी लागली, आणि मग पुढच्या पायरीला बरेच जण परत फिरकतच नाहीत, घर, मुलं, ओव्हरटाइम. अगदी छोट्या सर्टिफिकेटने पगारही फारसा हलत नाही. म्हणून नुसते तुकडे पाडून भागत नाही, परत यायची वाट आपण करून ठेवावी लागते : संध्याकाळची बॅच, शिफ्ट बदलली तर दुसऱ्या बॅचला बसायची मुभा, आणि आधी केलेलं परत करायला न लावणं.

आपल्या नियमांत बसतं का, तर हो, आता बसतं. यूजीसीची कम्युनिटी कॉलेजची योजना 2013-14 मध्ये आली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मध्ये थांबायची आणि परत यायची सोय मान्य केली, 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे शिकलेल्याचा हिशोब जमा ठेवणारं खातं, सुरू झाली, आणि 2023 च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कने शाळा, कॉलेज, कौशल्य सगळ्यांना एकच माप दिलं, 30 तासांना 1 क्रेडिट, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट. पण नियम असणं आणि शेजारच्या कॉलेजने तुमचे क्रेडिट धरणं यात अंतर आहे. म्हणून जाहिरात काढायच्या आधी एखाद्या पॉलिटेक्निकशी किंवा विद्यापीठाशी लेखी ठरवा, की आमचा अमुक कोर्स केलेल्याला तुमच्याकडे अमुक विषय माफ. तो कागद नसेल तर मुलांना ‘पुढे मोजलं जाईल’ असं कृपया सांगू नका.

रचताना उतरंडीसारखं रचा, सगळ्यात खालचं मडकं सगळ्यात मोठं आणि भक्कम. पहिला कोर्स सगळ्यात जास्त तासांचा हवा, इलेक्ट्रिकल आणि सुरक्षिततेचा, आणि तेवढ्यावर कुठेतरी हेल्पर म्हणून का होईना काम मिळायला हवं. बरेच जण उलटं करतात, रोबोट दाखवून प्रवेश घेतात आणि मूलभूत गोष्टी दोन आठवड्यांत उरकतात, मग तो मुलगा रोबोटपाशी उभा राहतो पण त्याच्या ग्रिपरची हवा का गेली ते त्याला कळत नाही. परीक्षा लेखी कमी घ्या. किटमध्ये मुद्दाम दोष घाला, एक वायर काढा, सेन्सर सरकवा, फ्यूज उडालेला लावा, आणि मुलाला तो शोधायला सांगा, वेळ लावून, आणि शोधताना काय क्रमाने तपासलं ते लिहून घ्या. उत्तर बरोबर आलं पण अंदाजाने पार्ट बदलत बसला तर मार्क कमी. आणि शिकवायला कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस आठवड्यातून एकदा तरी आणा, पदवी कमी असली तरी. किट नंतर घेता येतील, पण असा माणूस नसेल तर किट कपाटातच राहतात.

प्रश्न : भोसरीत छोटं युनिट आहे, एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली खास मशीन) बनवतो, बारा माणसं. पोरांना शिकवून तयार करतो आणि वर्षभरात मोठ्या कंपनीत पळतात. आता शिकवायचंच बंद करावं असं वाटतं. (एक उद्योजक)

उत्तर : साहेब, तुमचा त्रास अगदी खरा आहे, पण न शिकवलेला माणूस तुमच्याकडे टिकला तर ते जास्त महागात पडेल, एसपीएम हे ट्रायलला येऊन अडकणारं काम आहे. पोरं पगारासाठी जातात तशी ‘इथे पुढे काही नाही’ म्हणूनही जातात. कोर्स आणि पगार जोडून टाका, म्हणजे न्यूमॅटिक्स पूर्ण केलं की इतके वाढणार, पीएलसी झालं की इतके, आकडा आधीच सांगायचा आणि तारीख आली की न मागता द्यायचा. फी अर्धी तुम्ही भरा, आठवड्यातून दोन दिवस पाचला सोडा.

अप्रेंटिसचंही बघा. अप्रेंटिसचा कायदा 1961 चा आहे, आणि 2019 च्या बदलानंतर 30 किंवा जास्त माणसं असलेल्यांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक, म्हणजे तुम्ही घेऊ शकता. एनएपीएस या अप्रेंटिसांसाठीच्या सरकारी योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. फक्त करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेला पाहिजे, नुसतं तोंडी ‘अप्रेंटिस आहे’ म्हणून ठेवलेला मुलगा कायद्याने अप्रेंटिस ठरत नाही, त्याला शेवटी सर्टिफिकेटही मिळत नाही आणि तुम्हालाही तो हिस्सा नाही. पहिला मुलगा घ्याल तेव्हा पोर्टलची नोंदणी, करार आणि बँक खातं या तिन्ही गोष्टी तो कामाला लागायच्या आधी पूर्ण करून घ्या, मागाहून करायला गेलं की फार धावपळ होते.